खटका

काट्याचा डेटाबेस गेटपाशी, पत्र्याच्या केबिनमध्ये.
कीबोर्डच्या फटींत हळद इतकी
की शून्याचं बटण पिवळं होऊन अडकायचं.
शीतगृहाचा मिरज रस्त्याला.
आणि पेढीचा माडीवर,
बाबगोंडा दिवाणजींच्या टेबलाखाली, त्यांच्या चपलांशेजारी.

तिघांची एकमेकांशी ओळख नव्हती.
एकाच पोत्याला काटा म्हणे एकावन्न,
शीतगृह म्हणे पन्नास,
पेढी म्हणे, विचारून सांगते.

मला काम मिळालं : तिघांना जोडा.
आणि कुठंही आकडा हलला
की चौथ्या ठिकाणी आपोआप नोंद पडू दे.
जुना किती, नवा किती, कोणी, कधी.

"त्याला ट्रिगर म्हणतात," मी सांगितलं.
"म्हणजे खटका," दिवाणजी म्हणाले,
आणि लाल कापडातली एक जुनी कीर्द काढून
मधलंच पान दाखवलं.
चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ,
खालचं वाचता येईल इतकी बारीक. शेजारी सही.
"खोडायचं, पण पुसायचं न्हाई.
पुसलेलं खटकतं बघ.
एवढं तुझ्या यंत्राला समजवता येतंय का?"

अकरा दिवस लागले समजवायला.
बाराव्या दिवशी चौथा बंद पडला
आणि त्याच्यामागं काटाही थिजला.
नोंद नाही तर बदल नाही,
असं मीच लिहून ठेवलं होतं, मोठ्या ऐटीत.
सतरा गाड्या राजापुरीच्या, रस्त्यापर्यंत.
पोत्यांवर बसलेला एक हमाल म्हणाला,
"बाई, चोर धरायला घरच बंद केलंसा व्हय?"
मग मी मध्ये एक रांग ठेवली.
थांबल्या तर नोंदी थांबतील, गाड्या नाही.

महिनाअखेरीस चौथा उघडायचा होता.
हरिपूरला माझ्या आत्याचे सासरे
हळदीची पेवं उघडायचे.
तोंडावरची माती काढली की लांब जाऊन बसायचे,
तास, दोन तास.
आत कोंडलेली हवा माणूस खाते, म्हणायचे.
मी चहा करून आणला. मग उघडला.

त्रेचाळीस बदल. सगळे रात्रीचे.
दर पोत्यामागं एक किलो कमी.
आणि कोणी, त्या रकान्यात
निलोफर मुजावर
निलोफर मुजावर
निलोफर मुजावर
खालपर्यंत.

जोडणी मी माझ्याच नावानं केली होती.
पहिल्या दिवशी घाई होती, दुसरा पासवर्ड सुचला नाही.
तेव्हापासून या डेटाबेसातून त्यात जाणारा जो तो
माझं नाव पांघरून जात होता.

मालक कागदाकडं बघत राहिले, मग माझ्याकडं.
दिवाणजींनी चष्मा पुसला.
"तेवीस तारखेला रात्री कुठं होतीस?"
"आत्याकडं."
"हितं तर काट्यावर दिसतीयास."

यंत्र खोटं बोलत नव्हतं.
दार कोणाच्या किल्लीनं उघडलं, एवढंच मी त्याला विचारलं होतं.
आत कोण आलं, हे विचारायचंच राहिलं.

त्या संध्याकाळी नवा रकाना जोडला :
पहिल्या खुर्चीवर बसलेल्याचं नाव
तिन्ही उंबरे ओलांडून शेवटपर्यंत सोबत जाईल असा.
त्याआधीचं काही कळणार नव्हतं.
तोलाईदार दोन दिवस केबिनबाहेर आला नाही,
पण तो तसाही फारसा येत नाही.

त्रेचाळीस ओळी पुसायचा हक्क माझ्याकडं होता.
एका आज्ञेचं काम, दिवेलागणीच्या आत संपलं असतं.
बोट बटणावर ठेवलं, आणि खटकलं.

मग खाली लिहिलं :
वरच्या नोंदींत नाव माझं आहे, हात माझा नाही.

खटका पडला.
चव्वेचाळिसावी नोंद. वेळ सात वाजून नऊ मिनिटं.
कोणी : निलोफर मुजावर.